आप्पा, नवीनच घ्यावा लागेल

आप्पा, माणूस गेला की त्याचं सगळंच म्हणणं खरं ठरतं, अशी पद्धत आपल्या घरात पडायला लागलीय, म्हणून मुद्दाम लिहायला बसले. तुम्हाला जाऊन अजून दोन महिने व्हायचेत आणि एवढ्यात तुमचा शब्द म्हणजे कायदा झालाय. टाकीचा पंप सकाळी लावायचा नाही. का? तर आप्पा म्हणायचे. भाचीच्या लग्नाला पनवेलचा हॉल नको. का? तर आप्पांना तिथलं पार्किंग आवडलं नव्हतं. मी गप्प बसते, कारण पंपाचं आणि पार्किंगचं तुमचं बरोबरच होतं. पण कॉम्प्युटरच्या बाबतीत तुमचं चुकत होतं. तुम्ही हार घालून फोटोत जाऊन बसलात म्हणून मी माघार घेणार नाही. घेतली तर तुम्हीच पहिले विचाराल, "केतके, तापबीप हाय का तुला?"

सून आणि सासरे गेमिंग कॉम्प्युटरवरून वाद घालतात, हे बाहेर सांगितलं की लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. माझ्या कितीतरी मैत्रिणींकडे सासरे आणि सून यांचं बोलणं "चहा ठेवू का" आणि "ठेव" एवढ्यावर संपतं. आपल्याकडे ग्राफिक्स कार्ड होतं, म्हणून आपण बोललो. आणि बोललो म्हणजे काय, आईंनी आतून "आता जेवा नायतर ताटं झाकून ठेवते" अशी धमकी देईपर्यंत बोललो.

तो कॉम्प्युटर मी माझ्या पहिल्या नोकरीच्या पगारातून, एकेक भाग आणून, नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये जमिनीवर बसून स्वतः जोडला होता. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईला त्याचीच धास्ती होती. मुलगी गेम खेळते हे सासरी जासईला कळलं तर काय म्हणतील? म्हणून तिने तो चादरीत गुंडाळून टेम्पोत सगळ्यात मागे, गादीच्या आड दडवला. नेमका तो तुमच्याच हाती लागला. हॉलवर रुखवत मांडणं चाललं होतं, बायका करंज्यांची ताटं आणि लोकरीचे ससे लावत होत्या, आणि तुम्ही ती चादर बाजूला करून विचारलंत, "ह्यो काय हाय?"

मी मुंडावळ्या सावरत म्हटलं, "कॉम्प्युटर आहे. मी बनवलाय."

"तू बनवलास? सोता?"

"हो."

झालं. तुम्ही तो दोन्ही हातांनी उचललात आणि रुखवताच्या मधोमध, संसाराच्या भांड्यांच्या मनोऱ्यापुढे नेऊन ठेवलात. हॉलवाल्याकडून वायर आणवलीत. निळे-जांभळे दिवे पेटले तसं सगळं वऱ्हाड तिकडे लोटलं. "सुनेनं सोता बनवलाय," असं तुम्ही येईल त्याला सांगत होतात, आणि माझी आई खांबाआड जाऊन उभी राहिली होती. मी त्या दिवशी नितेशशी लग्न केलं हे खरं, पण या घरात आपलं निभेल असं मला पहिल्यांदा वाटलं ते तुमच्याकडे बघून.

मग तुमच्या बहिणी आल्या. नवी वस्तू घरात घ्यायची तर तिला हळद-कुंकू नको? त्यांनी कॅबिनेटच्या वरच्या जाळीवर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, चांगल्या मूठभर अक्षता टाकल्या. ती जाळी हवा जायला असते. तिच्यातून सगळं थेट आत गेलं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण नवरीने मांडवात आत्येसासवांवर ओरडणं बरं दिसलं नसतं. पुढे कितीतरी दिवस आतून टक टक टक असा आवाज यायचा. तुम्ही कान लावून ठामपणे सांगितलंत, बेअरिंग गेलंय. मी पंखा काढला तर पात्यात तांदळाचा दाणा. तरी तुम्ही हरला नाहीत. "दाना निमित्त. बेअरिंग बी जानारच हाय." ते बेअरिंग तुमच्यामागेही चालतच राहिलं, आप्पा.

वर आमच्या खोलीत तेव्हा पलंग आणि कपाट ठेवल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणून कॉम्प्युटर तात्पुरता खाली हॉलमध्ये, खिडकीजवळ लावला. आपल्याकडे तात्पुरतं ठेवलेलं काहीही हलत नाही, तसा तोही तिथेच राहिला. शनिवार-रविवारी मी त्याच्यावर इंटिरिअरवाल्यांसाठी घरांची थ्रीडी चित्रं करायची, इतर दिवशी ऑफिसातून आल्यावर गेम खेळायची, आणि तुम्ही येता-जाता थांबून बघायचात.

मग डोळ्यांमुळे तुम्ही ड्रायव्हिंग सोडलंत. ते दिवस मला आठवले की अजून वाईट वाटतं. जन्मभर ट्रेलर चालवलेला माणूस सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये बसायचा, आणि जायचं कुठेच नसायचं. यार्डातून कंटेनर घेऊन निघालेल्या गाड्यांचे हॉर्न घरापर्यंत यायचे, आणि तुम्ही नुसत्या आवाजावरून सांगायचात की भरलेली चाललीय की रिकामी. मला ते बघवेना. म्हणून मी ट्रक चालवायचा एक गेम टाकला आणि टेबलाला लावायचं स्टीअरिंग आणलं.

पहिल्या दिवशी तुम्ही चपला बाहेर काढून आलात, स्टीअरिंगला हात लावून तो कपाळाला लावलात, आणि थोड्याच वेळात माझ्यावर चिडलात. "ह्या रस्त्याला खड्डा नाय, कोन हॉर्न वाजवत नाय, गेटवर लाइन नाय. आसा रस्ता कुटं आसतो?"

"युरोपात, आप्पा."

"मंग तिथं ड्रायव्हरला काम तरी काय?"

पण उठला नाहीत. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी शेजारी बसायची, तुम्ही माल पोचवायचात. मला आजही त्या गेममध्ये ट्रेलर मागे घेता येत नाही, दर वेळी तिरका होऊन बसतो. तुम्ही एका झटक्यात लावायचात. फक्त रिव्हर्स घेताना तुम्हाला स्क्रीन पुरायचा नाही. तुम्ही मान पूर्ण वळवून खरोखर मागे बघायचात, आणि मागे भिंत असायची आणि भिंतीवर कॅलेंडर. तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारात आल्या तर तुम्ही हाताने त्यांना बाजूला हो म्हणून खुणवायचात, आणि त्या खरंच बाजूला व्हायच्या. हे आठवून मी परवा एकटीच हसत होते. हसता हसता रडू यायला लागलं. मला रडायला आवडत नाही, कारण मी रडले की आई येऊन पाठीवर हात ठेवतात, मग आम्ही दोघी रडतो आणि आत भात लागतो.

तर वादाकडे येते.

तुमचं तत्त्व एकच होतं आणि ते थेट यार्डातून आलेलं होतं. गाडीला तुम्ही गारी म्हणायचात. "इंजिन चालू हाय तवर गारी इकायची नाय. पार्ट बदलायचा." गेम अडखळायला लागला तेव्हा तुम्ही हेच म्हणालात, आणि मी रॅम वाढवली. चाललं. कॉम्प्युटर सुरू व्हायला आईंचा चहा होऊन गाळून व्हायचा एवढा वेळ घ्यायला लागला, तेव्हा जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. तेही चाललं. पुढे ग्राफिक्स कार्ड बदलायची वेळ आली तेव्हा तुम्ही माझ्याबरोबर वाशीच्या दुकानात आलात. दुकानदाराने डबा उघडला तशी तुम्ही कार्डाचा पंखा बोटाने फिरवून कानाशी धरलात. तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. येताना एपीएमसी मार्केटात शिरून कांद्याची गोणी घ्यायला लावलीत, कारण परतीची गाडी रिकामी आणायची नाही हे तुमचं दुसरं तत्त्व. कार्ड माझ्या मांडीवर आणि कांदे मागच्या सीटवर. घरी आल्यावर आईंनी आधी कांदे बघितले.

तिन्ही वेळा तुमचं खरं ठरलं, हे मी मान्य करते. आजही करते. पण आता प्रश्न पार्टचा राहिलाच नव्हता, आणि तेच तुम्ही ऐकून घेत नव्हतात. मदरबोर्ड म्हणजे ट्रेलरची चासी. सगळं त्याच्यावर बसतं. आपला बोर्ड इतका जुना झालाय की नवा प्रोसेसर त्याच्यावर बसत नाही आणि नवी रॅम त्यात शिरत नाही. नवं ग्राफिक्स कार्ड घ्यावं तर त्याला वीज जास्त लागते, म्हणजे पॉवर सप्लाय बदला. कार्ड लांबीला मोठं, म्हणजे कॅबिनेट बदला. एवढं करून जुना प्रोसेसर त्या कार्डाला पुरा पडणार नाही, म्हणजे घातलेलं सगळं वाया. विंडोजसुद्धा पुढचं घेत नाही. सगळंच बदलायचं आणि त्याला अपग्रेड म्हणायचं, यात काय अर्थ आहे?

चासीचं उदाहरण दिलं तेव्हा मला वाटलं, जिंकले. चासी गेली की गाडी गेली, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? तुम्ही मिशीवरून हात फिरवलात आणि म्हणालात, "चासीला वेल्डिंग मारता येतं."

मी योजना तरी किती चांगली मांडली होती. नवीन कॉम्प्युटर घ्यायचा, मोठा स्क्रीन घ्यायचा. वरचा मजला वाढवून आता आमची खोली ऐसपैस झालीय, तर सगळं वर न्यायचं. खाली हॉल मोकळा. तुम्हाला दिव्यांचा त्रास नाही, पंख्यांची घरघर नाही, पाहुणे आले की मला वायरी लपवायला नकोत. "आणि तुम्हाला गाडी चालवायची असेल तेव्हा या की वर," असं मी दर वेळी म्हणायची. तुम्ही दर वेळी ते सोडून सरळ प्रोसेसरवर यायचात. "ह्याचा प्रोसेसर काय वाईट हाय?" मी कारणं द्यायची, तुम्ही शंका काढायचात. इतक्या बारीक शंका, की मला पुन्हा इंटरनेटवर वाचायला लागायचं. मला वाटायचं, काय हट्टी म्हातारा आहे. प्रेमानेच वाटायचं, पण वाटायचं.

त्या दुपारी गेममध्ये तुम्ही घाट चढत होतात आणि मशीन मध्येच बंद पडलं.

"पॉवर सप्लाय," तुम्ही म्हणालात.

"बोर्ड," मी म्हणाले.

चांगला रंगला होता वाद. तेवढ्यात गेटवरून तुमच्या मित्रांची हाक आली, शेजारच्या गावात हळद होती. उठताना म्हणालात, "हलदीला जाऊन येतो, मंग बगतो तुझा बोर्ड." आलात ते थकूनच. सकाळी छातीत दुखायला लागलं. पुढचं मला लिहायचं नाही.

आता दहाव्याचं सांगते, कारण ते तुम्ही तिथे असून नसल्यासारखं होतं आणि खरा घोळ तिथेच झाला. तळ्यावर सगळे जमलो. पिंड ठेवले. कावळे भरपूर होते, तारेवर ओळीने बसले होते, पण खाली एक उतरेना. भटजी म्हणाले, मन कशात तरी अडकलंय, शब्द द्या. मग सुरू झालं. काकांनी बांधाचं भांडण मिटवतो म्हणून सांगितलं. तुमच्या बहिणीने आईंना सांभाळू म्हणून सांगितलं. आईंनी डोळे पुसत बीपीची गोळी रोज घेते म्हणून सांगितलं. कावळे ढिम्म. ऊन चढत होतं, लोक चुळबुळायला लागले. मी आपली विचार करत होते की कावळ्यांना तारेवरून एवढ्या माणसांची भीती वाटत असणार, जरा मागे सरकलो तर येतील.

आणि नितेश एकदम पुढे झाला. हात जोडलेले. "आप्पा, तुमचा कॉम्प्युटर कुटं जानार नाय! विकनार नाय, बदलनार नाय!"

कावळा आला, आप्पा. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आला.

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. जशी काही मी कॉम्प्युटर विकायला टेम्पो घेऊनच तळ्यावर उभी होते. घरी येताना नितेश माझी नजर चुकवत होता. गाडीत हळूच म्हणाला, "काय सुचलंच नाय ग. तुमी दोघं त्यावरनंच भांडायचात ना." त्याच्यावर रागावू तरी कशी? त्याचा बाप गेला होता, आणि बापाला सगळ्यात जास्त काय हवं असेल असा विचार करताना त्याला आपण दोघं आठवलो.

पण त्या दिवसापासून माझे हात बांधले गेले. सकाळी चहाचा कप देताना आई विचारायच्या, "ते इकनार नाय ना ग?" मी नाही म्हणायची. संध्याकाळी दिवा लावून झाला की पुन्हा, "बदलनार नाय ना?" त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं की तुमचा जीव त्यात होता आणि आम्ही शब्द दिला म्हणून तुम्ही सुटलात. इकडे मशीन बऱ्याच विनवण्यांनंतर सुरू व्हायचं आणि मनात येईल तेव्हा बंद. एका घराचं चित्र अर्ध्यात अडकून माझं काम गेलं. वाशीच्या दुकानदाराने उघडून बघितलं आणि झाकण लावून म्हणाला, "मॅडम, इसमें अब एक रुपया मत डालो." नवीन घेतला तर आईंना वाटणार की तुम्ही पुन्हा कुठेतरी अडकलात. नवीन नाही घेतला तर तुमच्या फोटोशेजारी एक बंद खोकं पूजेला ठेवायचं आणि मी कामाला दुसरीकडे जायचं. कारणांनी मी तुम्हाला हरवू शकत होते. आईंच्या झोपेला कोणतं कारण पुरलं असतं?

तरी शेवटी बोलायचं ठरवलं. रविवारी दुपारी आई बिरडं सोलत बसल्या होत्या. मीही वालाची मूठ घेऊन शेजारी बसले. बोर्डाचं, विजेचं काही बोलले नाही. म्हटलं, त्यांच्या फायद्याचं सांगावं. "आई, मी काय म्हणते, नवीन घेतला ना, तर तो वर आमच्या खोलीत जाईल. हॉल तुम्हाला मोकळा. शांत बसता येईल तुम्हाला."

आईंचे हात थांबले. "त्यालाच तर भ्याले व्हते ते."

"कशाला?"

"वर न्यायला. सुनेच्या खोलीत सासरा कसा जानार? तू आपली बोलायचीस, या की वर, या की वर. त्यांनी कवा पायरी चढली?"

मी वालाचा दाणा हातात धरून तशीच बसले. खरंच, कधी? नळ गळत होता तेव्हा तुम्ही जिन्याखाली उभे राहून प्लंबरला ओरडून सांगत होतात. रंगकाम झालं तेव्हा रंग कसा झालाय हे नितेशला फोटो काढून दाखवायला लावलंत. माझं पार्सल आलं तर आईंच्या हाती, नाहीतर जिन्याच्या पायरीवर. नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये कोण कुठल्या खोलीत जातं याला काही नियम नव्हता, माझे बाबा चष्मा शोधत सगळ्या खोल्या फिरायचे. मला वाटायचं तुमचे गुडघे दुखतात. तुम्ही मर्यादा पाळत होतात, आणि ती इतकी मुकाट्याने पाळत होतात की सुनेला पत्ता लागला नाही.

"माज्याजवल बोलले व्हते," आई म्हणाल्या. "ती पोर नवा घेनार आनि वर नेनार. मंग आपन हितं टीव्ही बघत बसायचा."

म्हणजे प्रोसेसर चांगला होता म्हणून नाही. चासीला वेल्डिंग मारता येतं म्हणून नाही. एवढी वर्षं तुम्ही माझ्याशी मदरबोर्डवर भांडलात आणि तुम्हाला मदरबोर्डशी काडीचंही देणंघेणं नव्हतं! आप्पा, सांगायचं होतं ना! एक वाक्य. "नवा घे, पण खाली ठेव." मी त्याच दिवशी ऑर्डर केला असता. पण ते म्हणायचं तर त्यामागचं दुसरंही म्हणावं लागलं असतं, की केतके, मला संध्याकाळी तुझ्याशेजारी बसायला आवडतं. ते तुमच्या तोंडून निघणार नव्हतं. म्हणून तुम्ही रॅम शिकलात, एसएसडी शिकलात, विजेचे आकडे पाठ केलेत, माझ्या तोंडाला तोंड देता यावं म्हणून. मला कुणी एवढ्या कष्टाने कधी अडवलं नव्हतं.

मलाही आवडायचं, आप्पा. ऑफिसातून येताना उलव्याच्या पुढे ट्रॅफिक लागला की मी वैतागायची ते भुकेने नाही. तुम्ही माझ्याशिवाय गाडी काढली असेल का, हे डोक्यात असायचं. हे मीही तुम्हाला कधी सांगितलं नाही. माझे बाबा मला समजून घ्यायचे, लाडही करायचे. पण माझ्याशी बरोबरीने भांडणारे तुम्ही पहिले. रुखवताच्या दिवशी "सोता?" असं विचारलंत ना, तेव्हापासून तुम्ही मला कधी सोपं उत्तर देऊ दिलं नाहीत. त्याबद्दल तुमचे उपकार मानते, आणि ते मान खाली घालून नाही, तुमच्या डोळ्यात बघून मानते.

मी आईंना भीत भीत विचारलं, "पण मग कावळ्याचं काय? नितेशने शब्द दिलाय."

आईंनी पुन्हा बिरडं सोलायला घेतलं. त्यांचा चेहरा एकदम हलका झाला होता. "कावला आला तो हे हितनं जानार नाय म्हनून आला. नवा-जुना त्यांनी कवा बगितला? त्यांना बसायला मिलत व्हतं ना, बस. नवा घे. पन हितं. हलवायचा नाय."

झाला निकाल. तुम्ही हयातीत ज्यावर मला एवढं नाचवलंत, ते आईंनी वाल सोलता सोलता मिटवलं.

तेव्हा ऐका. मदरबोर्डाबाबत मी बरोबर होते, शंभर टक्के, आणि जागेबाबत तुम्ही. जुन्यातली एसएसडी तेवढी काढून घेतली, ती चांगली आहे, वाया घालवणार नाही. बाकीचा विकला नाही, नितेशने स्वतः उचलून माळ्यावर ठेवला, त्याचाही शब्द राहिला. नवीनचे भाग आले आणि मी हॉलमध्ये चटई टाकून जोडायला बसले. आई पूर्ण वेळ बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "सोता बनवतेस?" त्यांना वाटायचं की त्या वेळी तुम्ही सुनेचं कौतुक म्हणून फुगवून सांगत होतात. मी त्यांच्या हातात स्क्रू दिले आणि मागेन तसा एकेक द्या म्हटलं. दिले त्यांनी, नीट मोजून-मापून, चष्मा नाकावर सरकवत.

काल संध्याकाळी तो पहिल्या झटक्यात सुरू झाला. पंख्याचा आवाज नाही, अडखळणं नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "चालू हाय का बंद?" मी तुमचा ट्रकचा गेम लावला. घरात दुखवटा आहे, गेमचे आवाज बरे दिसणार नाहीत, म्हणून तुम्ही गेल्यापासून मी हेडफोन लावूनच बसते. काल तसेच लावले आणि गाडी यार्डातून बाहेर काढली. रस्ता मोकळा होता. थोडं अंतर गेल्यावर खांद्यावर हात पडला म्हणून मी हेडफोन एका कानावरून सरकवला.

आई होत्या. हाताला पीठ तसंच.

"ते कानातलं काढ," म्हणाल्या.

"आवाज होईल, आई. शेजारी काय म्हणतील?"

"होऊ दे आवाज. रोज संध्याकालची मी आत भाकऱ्या थापायची आनि तुमी दोघं भायेर वरडायचात. मना त्यातलं काय समजत नव्हतं. पन घरात मानसं हायेत एवढं समजायचं. आता तू बी कान झाकून बसतेस." त्यांनी हाताचं पीठ झटकलं. "मी वर कुटं येनार हाय तुज्या खोलीत? माजं बी हितंच हाय ना सगलं."

मी हेडफोन काढून ठेवले आणि स्पीकर लावला. आई आत गेल्या, भाकरीचा थाप थाप आवाज सुरू झाला. मग मी इंडिकेटर दिला, गाडी गोदामात वळवली, रिव्हर्स टाकला, आणि अर्थातच ट्रेलर तिरका झाला. मी मोठ्याने ओरडले.

आतून आईंनी विचारलं, "काय झाला? ठोकलीस?"